एका माणसाचा ख्रिस्ती समाज

विरार पूर्वेच्या एका पोलीस ठाण्याच्या दृष्टीने ख्रिस्ती समाज म्हणजे व्हिक्टर तुस्कानो. हा समाज गिरीजला राहतो, म्हणजे रेल्वेच्या पलीकडे, दुसऱ्याच ठाण्याच्या हद्दीत. त्याची केळीची आणि भाजीची वाडी आहे, त्याला मधुमेह आहे, आणि सणाच्या आधी फोन केला की तो स्कूटरवर बसून येतो.

सुरुवात एका मयतापासून झाली. विरार पूर्वेला व्हिक्टरची दूरची एक मावशी वारली होती. अंत्यविधीला काळा कोट घालून जायची आम्हा वसईच्या ख्रिस्तींमधल्या जुन्या पुरुषांची रीत आहे; लग्नाचाच कोट असतो तो, बटणं तेवढी सैल केलेली. दफन उरकून व्हिक्टर बाहेर आले तर स्कूटर नव्हती. वाहतूक पोलिसांनी उचलून नेली होती. ते विचारत विचारत ठाण्यात गेले. तिथे गणपतीच्या आधीची शांतता समितीची बैठक चालू होती. हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या आणि प्रत्येक खुर्चीच्या पाठीला समाजाचं नाव लिहिलेला कागद चिकटवला होता. सगळ्या भरल्या होत्या, 'ख्रिस्ती' रिकामी होती. पूर्वेला ख्रिस्ती नव्हते असं नाही, पुष्कळ होते. पण त्यांच्याबद्दल कधी तक्रार आली नव्हती आणि त्यांनीही कधी केली नव्हती, त्यामुळे ठाण्यात कोणाला त्यांच्यातलं एकही नाव माहीत नव्हतं. दारात काळा कोट घातलेला, हातात प्रार्थनेचं पुस्तक धरलेला घामाघूम माणूस दिसल्यावर हवालदाराने त्यांना अदबीने नेऊन त्या खुर्चीवर बसवलं. व्हिक्टरना वाटलं, तक्रारदारांना इथे जातीधर्माप्रमाणे बसवत असतील.

त्यांना गुच्छ मिळाला, चहा मिळाला. दोन शब्द बोला म्हटल्यावर त्यांनी उठून सांगितलं की आपली स्कूटर गेली आहे. आधीच्या सगळ्या भाषणांना टाळ्या पडल्या होत्या म्हणून याही भाषणाला पडल्या. स्कूटर परत मिळाली, दंडही घेतला नाही. आणि मग फोन यायला लागले.

नाही म्हणणं व्हिक्टरना कधी जमलं नाही. मंडळाच्या आरतीला ते उभे राहायचे, ईदला साखरेचा विचार न करता शीरखुर्मा प्यायचे, जयंत्यांना मेणबत्ती धरायचे. एका सद्भावना मेळाव्यात प्रत्येक धर्माच्या हातात एकेक पांढरं कबूतर दिलं होतं. बाकीची उडाली. व्हिक्टरचं त्यांच्या खांद्यावर बसून राहिलं आणि राष्ट्रगीत संपेपर्यंत हललं नाही, तेव्हा तेही हलले नाहीत. नाताळला तर ठाण्याचे मोठे साहेब ख्रिस्ती समाजाला शुभेच्छा द्यायला केक घेऊन थेट गिरीजला आले. अंगणात पोलिसांची गाडी बघून शेजारपाजारच्यांना वाटलं, व्हिक्टरने काहीतरी केलं.

"वाडीला पानी कोन लावील, तुमचा समाज?" प्रिस्का, त्यांची बायको, विचारायची. व्हिक्टर पाइप उचलून निघायचे.

खुद्द गिरीजच्या चर्चमध्ये ते कोणी नव्हते. रविवारच्या मिस्साला मागच्या दाराशी उभे राहायचे, प्रवचन सुरू झालं की बाहेर जांभळाखाली यायचे. फादरांच्या कानावर ही समितीची गोष्ट गेली तेव्हा त्यांनी बोलावून एवढंच सांगितलं की चर्चच्या वतीने काही बोलत जाऊ नका. ते सोपं होतं. स्कूटरनंतर व्हिक्टर कधी काही बोललेच नव्हते.

मग त्याच ठाण्याच्या हद्दीतल्या मनवेलपाड्याचं प्रकरण आलं.

तिथल्या एका सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर मनोरमा नावाची बाई राहायची. औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला जायची. तिच्या घरी दर शुक्रवारी संध्याकाळी येशूची प्रार्थना होते आणि धर्मांतर चालतं, असा सोसायटीचा सेक्रेटरी कौस्तुभ याचा तक्रार अर्ज आला होता. कौस्तुभ मूळचा चिपळूणचा, बँकेत नोकरीला. त्याची खरी तक्रार चपलांची होती. शुक्रवारी जिन्यात इतक्या चपला सुटत की त्याच्या आईला पाय ठेवायला जागा मिळत नसे, शिवाय डफली वाजे. पण ज्या मित्राने अर्ज लिहून दिला त्याचं म्हणणं, चपलांचा अर्ज कोणी वाचत नाही. म्हणून त्यात धर्मांतर घातलं. घातल्यावर तो खूप लोकांनी वाचला.

मोठ्या साहेबांनी व्हिक्टरना बोलावून घेतलं. हे खरोखर ख्रिस्ती आहे का, की आणखी काही, ते जाणकार म्हणून तुम्ही बघून या, म्हणाले. पुढच्या बैठकीत तुम्ही सांगाल ते. तुमचे नसतील तर दुसऱ्या दिवशी बंद करतो.

आम्हा वसईच्या कॅथलिकांचं या घरोघरी प्रार्थना करणाऱ्या मंडळींशी फारसं बरं नाही, हे सांगायला हवं. आमची घराणी शेकडो वर्षांची, आमचे संत, आमच्या वाटांवरचे क्रूस. आणि हे काल आलेले, ना मरियामाता मानत ना जपमाळ, हात वर करून मोठ्याने रडतात. आम्ही त्यांना हालेलुयावाले म्हणतो, आणि तेही आम्हाला काही बरं म्हणत नसावेत. व्हिक्टर यापेक्षा वेगळे नव्हते. ते तिथे गेले ते 'आमचे नाहीत' हे उत्तर खिशात घालूनच.

दार मनोरमाच्या नवऱ्याने, आत्मारामने उघडलं. त्याच्या कपाळाला गंध होतं. दारातल्या चपला तो जोड्या जुळवून भिंतीशी लावत होता. आत सातआठ बायका टाळ्या वाजवत गात होत्या, एकीच्या हातात डफली होती. स्वयंपाकघरात देव्हारा दिसत होता, त्यात निरांजन जळत होतं. आणि या सगळ्याच्या मधोमध, प्लास्टिकच्या खुर्चीवर, मनोरमा गाढ झोपली होती. तोंड उघडं, एक हात खाली लोंबलेला.

आत्मारामने व्हिक्टरना बाजूला घेऊन हळूच सांगितलं. तिचा धाकटा भाऊ अपघातात गेला तेव्हापासून तिला झोप नाही. गोळ्या झाल्या, गावच्या देवाला कौल लावून झाला. कारखान्यातली एक बाई तिला प्रार्थनेला घेऊन गेली, तिथे ती बसल्या बसल्या झोपली. तेवढीच झोपते. म्हणून त्याने बायकांना आपल्याच घरी यायला सांगितलं, निदान झोपलेल्या बाईला रिक्षातून आणायला नको.

"धर्म कुठला ते आम्हाला नाही कळत, भाऊ," तो म्हणाला. "शुक्रवारची झोपली की पुढचा शुक्रवार येईपर्यंत रेटते. ते बंद झालं तर काय करायचं, ते तुम्हीच सांगा."

 व्हिक्टर घरी येऊन जेवले नाहीत, तेव्हा प्रिस्काने विचारलं. त्यांनी सगळं सांगितलं. ती म्हणाली, मग त्यात काय, आमच्या नाहीत म्हणून सांगा, खरंच तर आहे. थोड्या वेळाने तीच म्हणाली, पण झोपते ना ती.

बैठकीत खुर्च्या होत्या, कागद होते, चहा होता. कौस्तुभ कोपऱ्यात बसला होता, आता त्याच्या चपलांचं प्रकरण खूप मोठं झालं होतं आणि ते त्याला झेपत नव्हतं. साहेबांनी अर्ज वाचून दाखवला. मग व्हिक्टरकडे वळले.

"बोला तुस्कानो. तुमचे आहेत की नाहीत?"

व्हिक्टर उठले. एवढ्या वर्षांत त्यांना कोणी प्रश्न विचारला नव्हता, फक्त बसवलं होतं. ते खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले.

"आमच्याच आहेत," ते म्हणाले.

याची किंमत गिरीजमध्ये पडली. फादरांनी बोलावून घेतलं आणि एवढंच म्हणाले, व्हिक्टर, मी तुम्हाला काय सांगितलं होतं. क्रुसापाशी संध्याकाळच्या जपमाळेला लोक त्यांच्यासाठी जागा करेनासे झाले. "हालेलुया, व्हिक्टर," असं तिठ्यावरून ओरडून दोघंतिघं हसायचे. व्हिक्टर स्कूटर थांबवत नसत.

पण मोठ्या साहेबांनाही आपला तोडगा काढायचा होता. प्रार्थना चालू राहील, ते म्हणाले, मात्र समितीच्या देखरेखीखाली. प्रत्येक समाजाचा एक प्रतिनिधी दर शुक्रवारी हजर राहील, म्हणजे कोणालाच शंका नको. ख्रिस्ती म्हणून व्हिक्टर. हिंदू म्हणून कौस्तुभ, तो तिथेच राहतो. मशिदीचे ट्रस्टी याकूबभाई यांनी शुक्रवारी आपल्यालाही नमाज असतो असं सांगून पाहिलं, पण संध्याकाळी तुम्ही मोकळे असता, असं साहेबांनी दाखवून दिलं. शिवाय बंदोबस्ताला एक शिपाई.

अशा रीतीने पुढच्या शुक्रवारी मनोरमाच्या घरात दर दोन प्रार्थना करणाऱ्यांमागे एक देखरेख करणारा बसला. सोसायटीच्या हॉलमधून चार खुर्च्या आणाव्या लागल्या आणि त्या कौस्तुभनेच वाहिल्या. दारातल्या चपला वाढल्या. शिपायाचे बूट ठेवायला जागा नव्हती, ते कौस्तुभच्या आईने आपल्या दाराशी ठेवून घेतले.

बायकांनी गायला सुरुवात केली, पण आवाज निघेना. डफलीवाली नुसती बोटं फिरवत होती. आणि मनोरमा उभी होती. घरात चार परके पुरुष आल्यावर बसायचं कसं? तिने चहा केला. बिस्किटं ठेवली. पंखा वाढवला, कमी केला. व्हिक्टरना साखर चालत नाही कळल्यावर परत आत जाऊन वेगळा चहा केला. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. आत्माराम स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून व्हिक्टरकडे पाहत होता. 

व्हिक्टरना कळलं की आपण प्रार्थना वाचवली आणि झोप घालवली.

ते तिला म्हणाले, बसा. ती बसली, पण काठावर, उठायच्या बेताने. बायकांनी गाणं थांबवलं. त्यांच्यातली वयस्क होती ती म्हणाली, ब्रदर, तुम्हीच आज प्रार्थना करा, मनातून जे येईल ते.

आता हे आमच्याकडे नसतं. आमच्या प्रार्थना पाठ असतात; देवाशी आपल्या शब्दांत बोलायचं तर माणूस आजारी तरी हवा नाहीतर प्यालेला. ख्रिस्ती समाज इतकी वर्षं शांतता समितीत बसला होता, पण त्याने चारचौघांत देवाला स्वतःहून कधी हाक मारली नव्हती. व्हिक्टरनी डोळे मिटले. मनातून काही आलं नाही. तोंडात आली ती संतांची लितानी, मयताच्या घरी म्हणतात ती: एकाने नाव घ्यायचं, बाकीच्यांनी पुरं करायचं. लहानपणापासून वाडीवाडीत ऐकलेल्या त्या एकसुरी, नाकातल्या आवाजात त्यांनी सुरू केलं.

"संत मरिया."

 या बायका मरियेला असं बोलवत नाहीत, त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. मग व्हिक्टरनी स्वतःच उत्तर दिलं, "आम्हांसाठी विनंती कर."

संत पेत्र. संत पौल. संत अन्ना. तिसऱ्या-चौथ्या नावाला शिपायाने साथ धरली. रोजची हजेरी घेतात तसंच होतं ते, नाव आलं की ओ द्यायची. संत लॉरेन्स, संत सबास्तियन, आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया. आत्माराम म्हणायला लागला. मग बायकाही, आधी पुटपुटत. हळूहळू सगळ्यांचा मिळून एक सपाट, लांब आवाज झाला, उन्हात पाट वाहतो तसा, घाई नसलेला.

मनोरमाची पाठ खुर्चीला टेकली.

व्हिक्टरनी एक डोळा उघडून पाहिलं. तिची मान कलत होती. तेवढ्यात संत संपले. ते थांबले तशी ती दचकून सावरून बसली.

त्यांनी घाईने संत आंतोन परत घेतले, ते आधी झाले होते. संत योहान, तेही. मग सुचेना, तेव्हा त्यांनी आपल्या आईचं नाव घेतलं. आल्बिना. लोकांनी विनंती केली. वडील, लुईस. गिरीजचे जुने पाटील, विहिरीत पडून गेलेला मास्तर, ती काळ्या कोटाच्या दिवशीची मावशी. मनोरमाचा हात खुर्चीवरून खाली लोंबला. तोंड किंचित उघडलं. याकूबभाई तोवर कधीच झोपले होते.

व्हिक्टरची माणसं संपत आली. त्यांनी कौस्तुभकडे पाहिलं. कौस्तुभला आधी समजलं नाही, मग समजलं. त्याने घसा साफ केला आणि अगदी हळू, जिन्यात ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाला, "नाना." ते त्याचे आजोबा. सगळे म्हणाले, आम्हांसाठी विनंती कर. मग शिपायाने गावाकडची एक आत्या दिली. वयस्क बाई मान हलवत राहिली, हे आमच्यात बसत नाही असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं, आणि तिनेही एक नाव दिलं.

आत्माराम दारातून पुढे आला. मनोरमाच्या खुर्चीमागे उभा राहिला. तिच्या भावाचं नाव त्या घरात अपघाताच्या दिवसानंतर कोणी मोठ्याने घेतलं नव्हतं. त्याने ते वाकून व्हिक्टरच्या कानात सांगितलं.

"विनायक," व्हिक्टर म्हणाले, त्याच सुरात, ना चढवून ना उतरवून.

सगळ्यांनी पुरं केलं. मनोरमा जागी झाली नाही.