आभाळाच्या गालावरची तीट

रविवारची दुपार आहे. भज्यांचे घाणे काढून आणि चार भजी जास्तच खाऊन मी दिवाणावर आडवी झाले आहे. मोबाइल छातीवर, चष्मा नाकावर आणि चष्म्याच्या काचांवर कढईतल्या तेलाचे बारीक शिंतोडे. उठून पुसायचा कंटाळा आलाय. तिकडे खुर्चीत आमचे हे तोंडावर पेपर घेऊन घोरतायत. मी काही झोपणार नाही, नुसती पडणार आहे. मला एक मेसेज पाठवायचा आहे आणि तो लिहून तयार आहे.

‘सुकुमार, हा फोटो तुझा नाही. अण्णांचा आहे. गेलेल्या माणसाचा फोटो आपल्या नावावर खपवताना लाज नाही वाटली?’

सगळ्या ग्रुपला दिसेल असा. बाणावर बोट टेकवायचं तेवढं बाकी आहे.

ग्रुप कसला, ते आधी सांगते. ‘उजेड’ असं नाव आहे. सांगलीतले आम्ही काही हौशी फोटोवाले दर रविवारी एकेक फोटो टाकतो आणि एकमेकांच्या फोटोंवर बोलतो. नियम दोनच आणि दोन्ही अण्णांचे. आपल्या फोटोखाली एक अक्षरही लिहायचं नाही, आणि दुसऱ्याच्या फोटोवर बोलताना आधी गोड, मग तिखट. म्हणजे काय आवडलं ते आधी सांगायचं, मग चुका काढायच्या. माझं गोड एका शब्दात उरकतं. ‘छान.’ तिखट मात्र परिच्छेदभर. उभी नोकरी विमा कंपनीत दावे तपासण्यात गेली माझी, त्यामुळे नजर पहिली जाते ती खोटीवर. माणसं मागून काय बोलतात ते मला माहीत आहे.

अण्णा म्हणजे अण्णासाहेब मगदूम, चित्रकलेचे निवृत्त मास्तर. दिवाळी झाली आणि हृदयविकाराच्या झटक्यानं गेले. त्यांच्या जुन्या कॅमेऱ्यात आत कुठेतरी धुळीचा एक कण चिकटून बसला होता. प्रत्येक फोटोत, वर डाव्या कोपऱ्यात, एक काळपट ठिपका हमखास उमटायचा. मी म्हणायची, अण्णा, साफ करून घ्या ते. ते म्हणायचे, ‘असू द्या की. आभाळाच्या गालावरची तीट हाय ती. दृष्ट लागत न्हाई.’

येत्या रविवारी त्यांच्या आठवणीखातर आमचं प्रदर्शन आहे. दारात लावायला अण्णांचा फोटो हवा, तर कोणाकडेच नाही! जन्मभर कॅमेऱ्याच्या मागं उभा राहिलेला माणूस. घरी आहे तो आधारकार्डावरचा, त्यात अण्णा फरारी आरोपी दिसतात. सुकुमार चौगुले म्हणाला होता, ‘मी बघतो, बाई.’ त्याची औषधांची एजन्सी आहे, बोलणं गोड आहे आणि मला गोड बोलणाऱ्यांचं पहिल्यापासून वावडं आहे. तर त्याने अण्णांचा फोटो आणायचा राहिला बाजूला, गेल्या रविवारी हा टाकला. सकाळ, नदी, घाट. आणि वर डाव्या कोपऱ्यात तीट.

त्यात सुकुमारचा स्वतःचा कॅमेरा दसऱ्यापासून दुरुस्तीला पडलाय, हे मला पक्कं ठाऊक आहे. मग हा फोटो आला कुठून? बरं, ग्रुपवर एकानेही विचारू नये? सगळ्यांनी नुसते हात जोडले. एरवी पानभर लिहिणाऱ्या शैलाताई पुजारींनी लिहिलं, ‘सुकुमार, काय बोलू.’ झालं. सगळे सामील आहेत, दुसरं काय.

पडल्या पडल्या मी तो फोटो परत उघडते. दोन बोटांनी ठिपका मोठा करते. ठिपका मोठा होतो, आणखी मोठा होतो, मऊ पडतो.

“काय ओ बाई, झोपलासा?”

अण्णा दिवाणाच्या पायथ्याशी बसलेत. पांढरी टोपी, उसवलेल्या खिशाचा तोच शर्ट. वर्षानुवर्षं कॅमेऱ्याचा पट्टा अडकवून डावा खांदा खाली उतरलेला. खिशातून पोपटी फडक्याचं टोक डोकावतंय. ते त्यांच्या बायकोच्या, आमच्या काकूंच्या लुगड्याचं. काकू गेल्यापासून लेन्स पुसायला त्यांना दुसरं काही चालायचं नाही.

“तुम्ही तर गेलात,” मी म्हणते.

“व्हय.”

“मग आज इथे कसे?”

“रविवार हाय न्हवं.”

मी उठत नाही. डोळे बारीक करून बघते. असली माणसं मी पुष्कळ पाहिलीत, दुसऱ्याच्या नावानं दाव्याच्या खिडकीवर येणारी.

“तुम्ही अण्णाच कशावरून?”

“माझ्या शेवटच्या फोटोवर तुम्ही काय लिवलासा, सांगू? ‘छान. क्षितिज वाकडं, कडेचं झाड अर्धं कापलंय, आभाळ पांढरंफट्ट.’”

“ते काय, ग्रुपवर कोणीही वाचेल.”

“मग नसू दे मी अण्णा. भजी हायत का शिल्लक?”

भज्यांची ताटली त्यांच्या मांडीवरच आहे. ते खातात, आणि दिवाणाखालची फरशी ओली होत जाते. फरशीच्या पायऱ्या होतात. पायऱ्या खाली उतरतात आणि मीही उतरते, कारण खाली नदीत, गुडघाभर पाण्यात, माझी ऑफिसातली खिडकी उभी आहे. मी माझ्या जागेवर जाऊन बसते. साडीचे काठ भिजतात. खिडकीपलीकडे अण्णा, आणि अण्णांच्या मागं अख्खा ग्रुप रांगेत. सगळ्यांचे हात जोडलेले. एकजण माझ्याकडे बघेल तर शपथ.

“मृत्यूचा दाखला?” मी हात पुढे करते.

“मरायचं मीच आणि दाखला बी मीच आणायचा व्हय?”

रांगेतून कोणीतरी हसतं. मी मान उंचावून बघते, पण सगळ्यांची तोंडं मिटलेली. शैलाताई पदराआड काहीतरी लपवतायत. सुकुमार रांगेत शेवटचा आहे. पुन्हा बघावं तर शेवटून दुसरा. त्याच्या मागं कोण आहे ते दिसत नाही.

“अण्णा, खरं सांगा. त्यानं तुमचा फोटो ढापला की नाही?”

“कंचा फोटो?”

“नदीचा.”

“काय हाय त्यात?”

“तीट आहे तुमची.”

“आणि?”

“आणि काय? तोच पुरावा.”

“आधी गोड सांगा, बाई.”

माझं डोकं फिरतं. “चोरीच्या मालाला गोड कसलं, अण्णा? तुमच्यासाठी मी सगळ्यांशी भांडायला निघालेय, आणि तुम्हाला नियम सुचतायत!”

अण्णा बोट चाटतात. पाणी कमरेला लागतंय, पण गार लागत नाही. मी खिडकी बंद करते. पलीकडे प्रदर्शनाचा हॉल आहे. हॉलमध्ये शाळेतले बाक मांडलेत, फळ्यावर अर्धवट पुसलेलं जास्वंदीचं चित्र. सगळीकडे फ्रेमा टांगल्यात, पण तोंडं भिंतीकडे. हे असं कोणी टांगलं? का टांगलं? मी पहिली फ्रेम उलटी करते. आत आभाळाचा तुकडा आणि त्यावर ठिपका. दुसरी उलटी करते. आभाळाचा तुकडा, ठिपका. तिसरी, चौथी, कोपऱ्यातली ती मोठी. सगळीकडे तेवढंच. खाली कोरा पांढरा कागद.

“बाकीचा फोटो कुठाय?” मी ओरडते. “कोणी कापला?”

“कापतंय कोण? तुम्ही तेवढंच बघितलासा.”

“असं कसं? सगळा फोटो होता. नदी होती, घाट होता.”

“कसा होता घाट?”

मी आठवायला लागते. घाट होता. पायऱ्या असणारच, घाट म्हटल्यावर.

“बघा,” अण्णा म्हणतात. “सपान तुमचं हाय. तुम्ही न्हाई बघितलासा ते मी कुठनं आणू?”

“तुम्ही त्याला पाठीशी घालताय. तुम्हीपण सामील आहात.”

“व्हय. मीपण सामील हाय.”

दाराजवळ एक रिकामा खिळा आहे. अण्णा बरोबर त्याच्याखाली जाऊन उभे राहतात, आणि मला एकदम भरून येतं. ते गेले त्या दिवशी मी रडले नव्हते. त्यांच्या मुलीला विम्यासाठी अजून कुठले कागद लागतील, ते समजावत बसले होते.

“अण्णा,” मी म्हणते, “तुम्ही गेल्यापासून माझं तिखट कोणी ऐकून घेत नाही हो. सगळे नुसता अंगठा दाखवतात.”

“मला गोड लागायचं ते.”

“खोटं बोलताय.”

“मेलेला माणूस कशाला खोटं बोलंल? आणा तो चष्मा इकडं. कसला तेलकट केलायसा.”

ते माझा चष्मा काढून घेतात. काचेवर हाऽ करून वाफ सोडतात, खिशातून पोपटी फडकं ओढतात आणि लेन्स पुसायचे तसेच, आतून बाहेर, गोल गोल पुसायला लागतात. काचेवरची वाफ हॉलभर पसरते. बाक जातात, फळा जातो, अण्णांची टोपी तेवढी दिसते.

“आभाळातच काय बघत बसलासा,” त्यांचा आवाज येतो. “जरा खाली बघा की.”

“अगं, चहा टाकतेस का?”

आमचे हे. मी डोळे उघडते. नाकावर हात जातो, तर चष्मा नाही. मेसेज! झोपेत बाणावर बोट पडलं असलं तर? मोबाइल कुशीखाली सापडतो, पण चष्म्याशिवाय मला एक अक्षर दिसत नाही. चाचपडत तिपाईवर हात फिरवते. चष्मा तिथं आहे. दांड्या दुमडून, काचा वर करून ठेवलेला. मी चष्मा काढला की कुठेही भिरकावते, आणि मग घरभर शोधते. काचा वर करून ठेवायचे ते अण्णा. काचेवर तेलाचा एक शिंतोडा नाही.

मेसेज गेलेला नाही. बाण तिथंच आहे आणि त्याच्यामागं फोटो उघडा आहे.

मी खाली बघते. आभाळ सोडून खाली. पूल, पलीकडचा काठ, पाण्यावरचं धुकं, मग पायऱ्या. अगदी शेवटच्या पायरीवर कोणीतरी पाण्यात पाय सोडून बसलंय, आपल्याकडे पाठ करून. पांढरी टोपी. डावा खांदा खाली उतरलेला. खांदा तसाच, पण त्यावर कॅमेरा नाही.

म्हणजे कॅमेरा सुकुमारच्या हातात आहे.

आठवडाभर मी हा फोटो रोज उघडत होते. सगळ्यांना दिसले अण्णा. शैलाताईंना दिसले, म्हणून त्यांना शब्द सुचला नाही. सगळ्यांनी हात जोडले ते अण्णांना जोडले. मी एकटी ठिपका तपासत बसले होते, आणि घटकाभरात मी त्या पोराला सगळ्यांदेखत चोर ठरवणार होते. मी मेसेजचं एकेक अक्षर पुसते, काही उरलं नाही ना ते दोनदा बघते, आणि मग लिहिते, ‘अण्णांचा डावा खांदा.’ गोड एवढंच. तिखट शोधते, सापडत नाही.

लगेच सुकुमारचा फोन येतो. आवाज चिरकलेला.

“बाई, आठवडा झाला, तुम्ही काहीच बोलला न्हाईसा. मला वाटलं, दारात लावायच्या लायकीचा न्हाई. टाकणारच होतो काढून.”

“कधी काढलास?”

“दिवाळीच्या आदल्या रविवारी. माझा कॅमेरा दुरुस्तीला, तर त्यांनी आपला हातात दिला. म्हणाले, माझा एक काढ, मी माझी पाठ कधी बघितली न्हाई.” तो नाक ओढतो. “त्यांच्या मुलीकडनं कॅमेऱ्यातलं कार्ड आणलं, त्यात घावला. त्यांना मोठा करून दाखवायचा राहिला. बाई, उद्या मोठा करायला देतो. तो वरचा ठिपका काढून टाकू का? कॉम्प्युटरवर जातो लगेच.”

“खबरदार,” मी म्हणते.

फोन ठेवते. चष्म्याच्या बिजागरीपाशी कानशिलाला काहीतरी टोचतंय. काढून उजेडात धरते. बिजागरीच्या फटीत एक धागा अडकलाय. पोपटी.

“अहो, माझा चष्मा तुम्ही पुसलात का?”

“तुझ्या चष्म्याला हात लावायची माझी काय बिशाद?”

मी तशी सोडणारी नाही. स्वयंपाकघरातली फडकी बघते, ह्यांचे रुमाल बघते, दिवाणाचा अभ्रा उलटा करून बघते, कपाटातल्या सगळ्या साड्या बाहेर काढते. घरात पोपटी काही नाही. चहा उकळून उतू जातो, हे ओरडतात, आणि मी साड्यांच्या ढिगात चष्मा हातात घेऊन बसून राहते. धागा नखानं सहज निघेल असा आहे. मी तो तसाच ठेवून चष्मा डोळ्यांवर चढवते.