टायरवर शिकलेला ड्रम

ड्रम मी कोणा उस्तादापाशी बसून शिकलो नाही. चिखलीच्या एका बँडमधल्या मास्तरनं एकदाच हात कसा टाकायचा ते दाखवलं, उजवा-उजवा, डावा-डावा, आणि जुना ड्रम गळ्यात अडकवून म्हणाला, "लग्नसराईपर्यंत हात बसला तर ये. नाही तर ड्रम वापस आणून दे." शाळेत मी सही करण्यापुरता गेलो. पण एक गोष्ट मनात घेतली की सोडत नसतो. आजही नाही सोडत.

महाराष्ट्र होऊन दोनेक वर्षं झाली असतील. घरात आम्ही तिघं: मी, मला लहानाचं मोठं केलेली आत्या आणि सहा महिन्यांपूर्वी लग्न होऊन आलेली माझी बायको, डोणगावकडची. दिवसा नवरा-बायकोनं बोलायचं नाही, असा तेव्हा रिवाज. तिला काही सांगायचं असलं तर ती आत्याला सांगे आणि आत्या मला.

ड्रम आणून चार दिवस झाले आणि तिला देवी आल्या. देवीची लस टोचणारे आमच्या गावात आले तेव्हा ती माहेरी होती, माहेरी आले तेव्हा आमच्याकडे. राहून गेलं.

देवी आल्या की घराची रीत बदलते. फोडणी बंद, चपला अंगणाबाहेर, दाराला कडुनिंब. वाद्य तर नावालाही नाही. आणि आजाऱ्याला नावानं हाक मारायची नाही. अंगात देवी वस्तीला असते, म्हणून हात जोडून 'माय' म्हणायचं. जिच्याशी धड चार शब्द बोललो नव्हतो त्या माझ्याच बायकोला मी उंबऱ्याबाहेरून 'माय' म्हणू लागलो.

आत्यानं ड्रम चादरीत गुंडाळून खुंटीला टांगला. मी ट्रकच्या टायरचा तुकडा पाटावर ठोकला आणि ओसरीत बसून त्यावर काड्या चालवू लागलो. टायरला आवाज नसतो. गाय रवंथ करते तेवढासुद्धा नाही.

तिसऱ्या दुपारी आतल्या खोलीतून आवाज आला, "डावा मांगं राह्यला बे."

आत्या पाण्याला गेली होती. आवाज बायकोचाच होता. पण जिनं मला कधी 'अहो'सुद्धा म्हटलं नव्हतं ती 'बे' कशी म्हणेल? मी दारात गेलो. डोळे सुजून मिटलेले, तोंडावर ज्वारीचा दाणा ठेवायला जागा नाही, इतके फोड. मला राग आला. खोटं काऊन सांगू? म्हटलं, "तू मले शिकवतं काय?"

ती हसली. तोंड हललं नाही, नुसता आवाज हसला.

आत्याला सांगितलं तर ती माझ्यावरच उखडली. "माय नाही म्हटलं? वरून 'तू' म्हटलं तिले? तुले अक्कल कधी येईन बे? जाय, पाया पड." मी उंबऱ्यावर डोकं टेकलं आणि टायर उचलून गोठ्यात नेला. तिथेही तेच. भिंतीपलीकडून आवाज यायचा, "डावा." एवढंच. आणि खरंच डावा मागे पडलेला असायचा.

मग मी मळ्यातल्या विहिरीवर जाऊन बसलो. घरापासून हाक ऐकू येणार नाही इतकं लांब. ऊन मी म्हणत होतं, झाडाचं पान हलत नव्हतं. तासभर वाजवलं आणि उजवी काडी मधोमध मोडली. परत आलो तर आत्या दारातच उभी.

"मळ्यात काय करून राह्यला होता तू?"

"काही नाही."

"आत मोजणी चालू होती. एक-दोन, एक-दोन. मंग मधातच थांबली अन् म्हणे, काडी मोडली त्याची."

मोडलेली काडी माझ्या कमरेला खोचलेली होती, सदऱ्याखाली. ती मी आत्याला दाखवली नाही.

"बंद कर हे," आत्या म्हणाली. "तिले काही झालं तर तुया माथी."

बंद केलं. दुसऱ्या दिवसापासून ती बोलेना, पाणी घेईना. आत्या कापसाच्या बोळ्यानं तोंडात पाणी सोडे, ते ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर येई. त्याच्या पुढच्या दुपारी आत्या बाहेर येऊन बसली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आजचा दिवस निघाला तर निघाला."

वाजवलं तरी माझ्या माथी, नाही वाजवलं तरी माझ्याच. मी बाभळीची नवी काडी तासली, टायर घेतला आणि थेट तिच्या उंबऱ्यावर बसलो. आत्या नाही म्हणाली नाही. बराच वेळ आतून काही आलं नाही. माझा डावा हात मागे राहून राहिला होता, मला कळत होतं. मग अगदी बारीक, "डावा." मी सुधारला. आत्यानं चमचाभर पाणी सोडलं. ते आत गेलं. पुन्हा "डावा," पुन्हा पाणी. ऊन अंगणातून भिंतीवर चढेपर्यंत आम्ही तिघं तेच करत होतो.

ती जगली. डावा डोळा पांढरा राहिला. खपल्या पडल्यावर आत्यानं दहीभाताचा नैवेद्य दाखवून देवीची पाठवणी केली आणि भाऊबंदांकडे पाच-सहा दिवस निघून गेली.

मग मी खुंटीवरून ड्रम काढला. ती माझ्यासमोर ओसरीत ज्वारी पाखडत होती. मी मुद्दाम डावा मागे ठेवला. एकदा, दोनदा. तिनं मान वर केली नाही.

"बरोबर हाय काय?" मी विचारलं. दिवसाउजेडी, सरळ तिलाच.

ती लाजली. "मले काय समजते त्यातलं? चांगलं वाजवता तुम्ही."

मग मात्र मी एकही चूक केली नाही. दुपारभर वाजवलं, खांदे भरून आले तरी हात मागे पडू दिला नाही. हात मागे पडला आणि पुन्हा 'डावा' ऐकू आलं तर, याची धास्ती होती. ती माझ्यासमोर बसलेली होती, आणि आतल्या खोलीत कोणी नव्हतं.