शेवटच्या घरापासून

आज टाकी धुताना ब्लीचिंग पावडरचा वास आला आणि बीडमधली आमची जुनी गल्ली आठवली.

आमच्या वॉर्डाच्या नगरसेविका कौसाकाकू गल्लीच्या तोंडाशीच राहत. त्याच वासाचं टँकरचं पाणी मात्र त्या शेवटच्या घरापासून वाटायला लावत, कारण एरवी तिकडे पाणी उरतच नसे. एके दिवशी त्यांच्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते. टँकर नेहमीसारखा आधी मागे गेला आणि काकूंच्या दारी येईपर्यंत रिकामा झाला.

काकू घागर घेऊन आमच्याकडे आल्या. आई म्हणाली, "काय ओ नगरसेविका बाई, आज पाणी मागाया?"

"मत मागाया आलते तवा लाजले न्हाई, आता कावून लाजू? दे लवकर, पाहुणे चौकात आलेत."

आईनं भरलेला हंडाच उचलला. तेवढ्यात मागच्या घरांतून बायका भरलेल्या कळशा घेऊन काकूंच्या घराकडे निघाल्या. पाहुण्यांना वाटलं, मुलगी दाखवायला सगळी गल्लीच आली आहे.

तेव्हा मला वाटलं होतं, एक दिवस टँकर आधी स्वतःच्या दारात थांबवला असता तर काय बिघडलं असतं? आता वाटतं, मग त्या कळशा निघाल्या नसत्या.