सुनेचे सुस्कारे

दहा वर्षांपूर्वी मी फार हुशार होते. नवी सून घरात येऊन चारच महिने झाले होते, आणि ती मला ऐकू जावेत म्हणून सुस्कारे टाकते, अशी माझी खात्री पटली होती. दोन दिवस तेच. भाकर थापताना सुस्कारा, वांगी तोडताना सुस्कारा. आधीपासूनच सारखी पाणी प्यायची, सारखी बाहेर पळायची; मी ठरवलं, कामचुकार. त्यात तोंडाला पिकल्या पेरूचा वास. चोरून पेरू खाते म्हणून मी बाई मळ्यातल्या पेरूच्या झाडाखाली बिया शोधून आले!

तिसऱ्या सकाळी ती वाफ्यातच बसली आणि ओकली.

"कायले सोंग करून राह्यली वं?" मी म्हटलं.

तिला उठताही येईना. लेकाने शेलूबाजारला निघालेल्या जीपमधून भाजीच्या टोपल्या उतरवल्या आणि तिला आत घातलं. मीही चढले. सोंग उघडं पडताना पाहायचं होतं ना!

सरकारी दवाखान्यात तेव्हा सिस्टर एकटीच होती. मी सुरू झाले, "काही नाही झालं तिले. माहेरी जायाचं हाय, म्हून सुस्कारे."

"मावशी, एक मिनिट चूप बसता?"

तिने सुनेच्या पोटावर हात ठेवला, नजर घड्याळावर. पुरता एक मिनिट श्वास मोजले. मग छातीला नळी लावली, वाकून तोंडाचा वास घेतला.

"छाती साफ हाय. अन् मावशी, सुस्कारा टाकून माणूस थांबते. हे थांबून राह्यली काय?"

मी पाहिलं. सून थांबत नव्हती. खोल, भरभर, एकसारखा श्वास, जसं कोणी मागे लागलं आहे. सिस्टरने बोटाला सुई टोचली. साखर इतकी चढलेली, की यंत्राला आकडाच दाखवता येईना. आवाज जराही न चढवता तिने सलाईन लावलं, गाडी बोलावली, वाशिमच्या डॉक्टरांना फोनवर सगळं सांगितलं. तिकडे डॉक्टर म्हणाले, ती तहान, तो वास, तो श्वास, सगळं साखरेचंच; आणखी थोडा उशीर झाला असता तर हाती लागली नसती.

चौथ्या दिवशी सून उठून बसली. आता तिचं इन्सुलिन ती स्वतःच टोचून घेते, आणि मला दमातही घेते.

तेव्हा वाशिमहून परतताना मी त्या सिस्टरकडे गेले. "बाई, तुले कसं समजलं वं?"

"पाह्यलं, मावशी."

एवढंच म्हणाली आणि पुढच्या पेशंटकडे वळली. चार महिने मीही तर सुनेकडेच पाहत होते.