शिवडीच्या कोळणीचं बाळ

सुनेने आज कार्बोलिकच्या साबणाने मोरी धुतली आणि त्या उग्र वासाने मी परळच्या माझ्या जुन्या दवाखान्यात जाऊन बसलो. डॉक्टरकी सोडूनही आता फार वर्षं झाली.

एकोणिसावं शतक संपत आलं होतं. शिवडीची एक कोळीण तीन दिवसांचं बाळ घेऊन आली. त्याचं पोट टम्म फुगलेलं, रडायचंही त्राण नव्हतं.

"एरंडेल पाजलं, तरी शी नाय," ती म्हणाली.

मी दुपटं सोडून पाहिलं. शीची वाटच नव्हती. तिथे नुसती पातळ कातडी होती आणि बाळ कुंथलं की ती काळपट फुगायची. म्हणजे आतडं अगदी जवळ होतं. मी कार्बोलिकमध्ये बुडवलेल्या सुरीने छोटा छेद दिला. काळीशार शी भळभळून आली, पोट बसलं. तासाभरात बाळ दूध ओढू लागलं.

"पयला बी असाच फुगून गेला," पाजता पाजता ती म्हणाली. "तवा तुमीच पोटाचं औषध दिलं व्हतं."

तिच्या आवाजात राग नव्हता. मी मान खाली घालून हात धूत राहिलो. त्यानंतर प्रत्येक तान्ह्याला मी आधी उघडं करून तपासलं. पण तो पहिला मुलगा मला तेव्हा आठवला नाही, आणि आजही आठवत नाही.