स्टनगन माझ्या हातात होती, तो दोन पावलांवर होता

दुपारी तीन वाजून दहा मिनिटं ते तीन सत्तावीस. या सतरा मिनिटांची नोंद माझ्या डायरीत आहे, पण ती उघडून पाहायची मला कधी गरज पडली नाही. ठिकाण टोकियोच्या कोतो भागातली एक रहिवासी इमारत, पाचवा मजला, घरांसमोरचा उघडा व्हरांडा. हजर माणसं सहा: एक जपानी सार्जंट, त्याचे दोन शिपाई, एक मराठी गृहिणी, मी, आणि हातात सुरी घेतलेला एक तरुण.

ती आयटीवाल्यांची वर्षं होती. पुण्या-मुंबईची इतकी मुलं तिथे आली होती की सुट्टीच्या दिवशी स्टेशनबाहेर मराठी कानावर पडायचं. आमच्या खात्याने मला तीन महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी पाठवलं होतं. त्यातले तीन आठवडे कोबानवर, म्हणजे तिथल्या गल्लीतल्या पोलीस चौकीवर, बसून कामकाज पाहायचं होतं. अधिकार शून्य. निघताना वरिष्ठांनी एक जादा काम सोपवलं होतं: आपल्या पोलीस ठाण्यांना स्टनगन द्यावी की नाही, यावर अहवाल.

माझं मत विमानात बसण्याआधीच तयार होतं. द्यावी. लाठीने हाड मोडतं, गोळीने जीव जातो, विजेच्या झटक्याने माणूस काही सेकंद खाली बसतो आणि उठून घरी जातो. तिथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात स्वसंरक्षणासाठी म्हणून ती उघड विकायला होती, म्हणून नमुन्यादाखल मी एक घेतली. दाढीच्या यंत्राएवढी वस्तू. अंगाला टेकवून बटण दाबायचं. सार्जंटला दाखवावी म्हणून त्या दिवशी ती माझ्या बॅगेत होती.

खबर माझ्याच मोबाइलवर आली. नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीमुळे तिथे राहणाऱ्या एक वहिनी होत्या. त्यांच्याकडे मी दोनदा जेवलो होतो.

"साहेब, लवकर या! आमच्या मजल्यावरचा तो इंजिनियर मुलगा, हातात सुरी घेऊन लोकांची दारं बडवतोय. पलीकडच्या आजींनी दार उघडलं आणि किंचाळून लावून घेतलं. मला जपानीत सांगता येत नाहीये हो!"

मी सार्जंटला मोडक्या इंग्रजीत सांगितलं. चौकीपासून इमारत चारशे पावलांवर. आम्ही ती धावतच काढली. शिपायांनी ढाली आणि 'सासुमाता' घेतला होता. सासुमाता म्हणजे माणसाहून उंच दांडा, त्याच्या टोकाला अर्धगोल लोखंडी कडं. माणसाला लांबूनच भिंतीला दाबून धरायचं.

वहिनी जिन्यातच भेटल्या. तिथेच मी त्यांच्याकडे चौकशी सुरू केली.

"दारू पितो?"

"छे हो! चहासुद्धा दोनदाच."

"बायकोशी भांडण?"

"ती बेंतोच्या, त्या जेवणाच्या डब्यांच्या दुकानात पार्टटाइमला गेलीये. सकाळी दोघं हसत होती."

"ऑफिसात काही?"

"असेल बाई. सगळ्यांनाच असतं."

तिन्हींपैकी एकही उत्तर मला पटलं नाही. कारण व्हरांड्यात जे दिसत होतं ते सरळ दारूचं होतं. पाय लटपटत होते, जीभ जड होती, डोळे कुठेच ठरत नव्हते. एका हातात सुरी, दुसरा हात कठड्यावर. कठडा त्याच्या कमरेच्या चार बोटं वर, आणि त्याने एक पाय खालच्या दांडीवर ठेवलेला. खाली सिमेंटची सायकल पार्किंग.

सार्जंटने हात वर करून सगळ्यांना थांबवलं. "थांबू या," तो म्हणाला.

"किती वेळ?"

"दमेपर्यंत."

मला राग आला. वीस वर्षांच्या नोकरीत मी दमेपर्यंत थांबलेलो नव्हतो. मी बॅगेतून स्टनगन काढली. सार्जंटने ती पाहिली आणि त्याचा चेहरा पहिल्यांदा बदलला.

"इन्स्पेक्टर-सान, ती आत ठेवा. कृपया."

मी आत ठेवली नाही. पाठीमागे धरली आणि मराठीत बोलत पुढे निघालो. "काय रे, कुठला तू? पुण्याचा ना? ओळखलंस का मला?" मराठी ऐकून त्याची मान वळली. तो मला जवळ येऊ देत होता! बारा फूट. आठ फूट. पाच. अंगठा बटणावर होता. आणखी दोन पावलं, आणि प्रकरण मिटलं असतं.

"घर... उघडत नाहीये माझं," तो म्हणाला.

पाच फुटांवर दारूचा वास यायला हवा होता. आला नाही. जानेवारीची थंडी, स्वेटर घालूनही मला हुडहुडी भरलेली, आणि याचा शर्ट पाठीला चिकटलेला. कपाळावरून घाम ओघळत होता. माझा अंगठा सैल पडला.

नजर त्याच्यावरून न काढता मी ओरडलो, "वहिनी! आज यानं काय खाल्लंय?"

"काही नाही हो, आज संकष्टी ना! चंद्रोदयानंतर सोडणार."

"औषध कुठलं घेतो?"

वहिनींचा आवाजच बदलला. "अगं बाई... इंजेक्शन घेतो तो. साखरेचं. रोज सकाळी."

झालं! सगळं जागेवर बसलं. मी मागे वळून "इन्शुलिन! इन्शुलिन!" असं ओरडलो. सार्जंटला एका शब्दात कळलं. पुढचं सगळं दहा सेकंदांत घडलं. सासुमाताच्या कड्याने त्याला कठड्यापासून अलगद भिंतीकडे सरकवलं, एका शिपायाने सुरीच्या हातावर ढाल दाबली, सुरी खाली पडली. वहिनी संत्र्याच्या रसाची बाटली घेऊन धावत आल्या. मी त्याची हनुवटी धरून घोट घोट पाजला. तीन सत्तावीसला त्याने माझ्याकडे पाहून विचारलं, "काका, तुम्ही कोण?"

सुरी कशाला घेतलीस, असं मी विचारलं.

"सफरचंद चिरत होतो," तो म्हणाला. पुढचं त्याला आठवत नव्हतं.

मग रुग्णवाहिका आली. त्याची बायको दुकानाच्या एप्रनमध्येच धावत पोहोचली आणि तिच्याकडून उरलेलं कळलं. पुण्यात संकष्टीला आई दुपारी साबुदाण्याची खिचडी आणि वर ताक द्यायची. सकाळचं इंजेक्शन त्यात पचून जायचं. कोतोतल्या घरातला साबुदाणा संपलेला होता. उपवास राहिला, इंजेक्शन राहिलं, मधली खिचडी गेली. साखर इतकी उतरली की स्वतःचं दार कुठलं तेही त्याला कळेना.

संध्याकाळी सार्जंटने मला चहा दिला आणि कागद पुढे सरकवला. तिथे स्टनगन दुकानात विकत घेता येते, पण सबळ कारण नसताना बाहेर बाळगणं गुन्हा आहे. मी, एक पोलीस निरीक्षक, चौकीच्या बाकावर बसून लेखी माफीनामा लिहिला आणि वस्तू जमा केली. सार्जंट एक शब्दही लागेल असं बोलला नाही. त्याचंच जास्त लागलं.

स्टनगन पोलिसांनी वापरूच नये, असं मी तेव्हाही लिहिलं नाही आणि आजही म्हणत नाही. त्याने ती सुरी कुणाच्या गळ्याला लावली असती, तर मी बटण दाबलं असतं आणि त्याचं उत्तर कुठल्याही चौकशीत ताठ मानेने दिलं असतं. पण तो कुणावर धावून येत नव्हता. तो सांगितलेलं ऐकत नव्हता, एवढंच. न ऐकणाऱ्या माणसाला आजार असू शकतो, भीती असू शकते, ऐकूच येत नसेल, भाषा कळत नसेल. आमच्या धंद्यात या सगळ्यांना आम्ही एकाच रकान्यात घालतो: 'प्रतिकार केला'. पुढे ठाण्याचा प्रभारी झाल्यावर मी शिपायांना सांगायचो, झटका देण्याआधी मला दोन गोष्टी सांगा. तो पडला तर कुठे पडेल? आणि त्याच्या घरच्यांना काय विचारलंत?

ते हसायचे. साहेबांना घाई कशी नाही, म्हणायचे.

घाई मला होती. कठड्याशी उभा असलेला, एक पाय दांडीवर आणि हातात सुरी असलेला तो मुलगा झटक्याने कुठे गेला असता, हे मी नंतर अनेकदा मोजून पाहिलं आहे. आणि तो खाली गेला असता, तर मी नेहमीच्या सवयीने अहवालात लिहिलं असतं, 'आरोपी मद्यधुंद असल्याने आवश्यक तेवढ्याच बळाचा वापर करण्यात आला.' खाली सही केली असती. तो अहवाल कुणी खोडून काढला नसता. मीसुद्धा नाही.