विओलेताचा पहिला नवरा

बल्गेरियातल्या पेर्निक गावच्या थिएटरात तिकिटं फाडणाऱ्या विओलेताचा पहिला नवरा कामेन खाणीतल्या अपघातात गेला होता. एका रात्री तिने तिथे पाहिलेल्या सिनेमात नायक यंत्रात बसून भूतकाळात जातो आणि मेलेल्या बायकोला वाचवतो. पण बायको मेलीच नाही, तर तो यंत्र बनवेल कशाला? आणि यंत्र नसेल, तर ती वाचेल कशी?

घरी तिने सिनेमाची गोष्ट सांगितल्यावर तिच्या दुसऱ्या नवऱ्याने, स्पासने, चाचरत विचारलं, "तुला असं यंत्र मिळालं तर?"

"जाईन आणि कामेनला वाचवीन."

स्पास घेवड्याचं सूप ढवळत राहिला. "मग माझं कसं व्हायचं?"

"तुझ्यासाठीही एखादी चांगली बायको बघून येईन, वेड्या. तुला एकट्याला कोण सांभाळणार?"

तो हसला. रविवारी कामेनच्या थडग्यावर फुलं न्यायला तोच आधी तयार झाला.